मिनिटाला अठ्ठावीस

घरून, ५ मार्च

बारके,

आधी माझ्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे, मग खुशाली विचार. काल संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तू कुठे होतीस?

कारण सांगतो. परवा आपला उपग्रह वर गेल्याची बातमी आली तेव्हापासून या गावात कोणी कामधंदा करत नाहीये. डोंगराच्या उतारावर घातलेल्या रुळांवरून अग्निबाण कसा सुटला, त्याच्या टोकावरचा कलिंगडाएवढा गोळा पृथ्वीभोवती कसा फिरतोय आणि शेजारच्या देशाच्या नाकाला कशा मिरच्या झोंबल्यात, याशिवाय दुसरा विषय नाही. त्याची हाक टि-टि-टि-टीऽ अशी येते म्हणून लोकांनी त्याला टिटवी असं नावही देऊन टाकलंय. ती डोक्यावरून जायच्या वेळा वर्तमानपत्रात छापून येतात. माझ्या पुढच्या खोलीत, जिथे मी लोकांचे मेलेले रेडिओ जिवंत करत बसतो, तिथे काल निम्मी गल्ली जमली होती. तुझ्या वहिनीने सतरंजी अंथरली.

हाक आली. सगळे खूश. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. तीन टिंबं आणि एक रेघ, त्यातलं तिसरं टिंब किंचित उशिरा, आणि रेघ गरजेपेक्षा जरा ओढलेली. एकतीस वर्षं मी तारमास्तर होतो, बारके. तारेच्या पलीकडे कोण बसलंय ते मला नुसत्या कट्टकट्टवरून कळतं, जसं तुझ्या वहिनीला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. तो हात तुझा आहे. तू आठ वर्षांची असताना मी दार लोटलं आणि तुझं मधलं बोट चेमटलं. तेव्हापासून तुझं तिसरं टिंब उशिरा पडतं. कळ दाबायला तुला मीच शिकवलंय, तेव्हा मला गंडवू नकोस.

टिटवी खरंच आकाशात आहे, की माझी बहीण कुठल्याशा खोलीत कळ दाबत बसली आहे आणि सगळा देश मान वर करून बघतोय? मला संशयी म्हण. घरात सगळे म्हणतातच.

दादा


वसाहत, ८ मार्च

दादा,

वाकून नमस्कार. हसू आवरत नाहीये, त्यामुळे अक्षर हललं तर समजून घे.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. आमच्या वसाहतीत येणारी-जाणारी पत्रं फाटकावरच्या कचेरीत एक गृहस्थ उघडून वाचतात. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं असावं, कारण त्यावर चहाचे दोन वेगवेगळे डाग आहेत. मग मला बोलावणं आलं. मग आमच्या मोठ्या साहेबांना. साहेबांनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, "या माणसाला आपण आधीच नोकरीवर घ्यायला हवं होतं." आणि खुलासा करायची परवानगी दिली. तेव्हा हा खुलासा अगदी सही-शिक्क्याचा आहे, निवांत वाच.

टिटवीत माणूस नाही, मग हाक कोण मारणार? त्यासाठी तिच्या पोटात एक पितळी तबकडी फिरते. तबकडीच्या काठावर खाचा आहेत, त्या खाचांप्रमाणे हाक उमटते. खाचा कशा पाडायच्या हा प्रश्न आला तेव्हा साहेबांनी मला कळीवर बसवलं, माझी हाक कागदी पट्टीवर उमटवून घेतली आणि पट्टी घड्याळजीला दिली. त्याने माझं वाकडं टिंबसुद्धा इमानाने कापलं. मी म्हटलं, तेवढं सरळ करा हो. तर म्हणाला, "बाई, जे दिलंत तेच कापलं. मी पदरचं काही घालत नाही." अशा दोन तबकड्या कापल्या. एक वर फिरतेय, दुसरी राजधानीच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत आहे.

तर तुझा कान खोटा नाही. हात माझाच आहे, फक्त तो वर गेलाय आणि मी खाली. दादा, मला इतका अभिमान वाटतोय की लाज वाटते.

तुझ्या पोराचं, आपल्या भोपळ्याचं, काय चाललंय? वहिनी दवाखान्यात होत्या ते दीड वर्ष त्याचं ते मोठ्ठं डोकं मांडीवर घेऊन माझे पाय बधिर व्हायचे. आता विमानं उडवतो म्हणे, आणि आत्याला चार ओळी लिहायला त्याला वेळ नाही. कान धर त्याचा.

बारकी


घरून, १० मार्च

बारके,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि एकदा उजेडासमोर धरून बघितलं. पटलं. घड्याळजीचं वाक्य तर फारच पटलं, असं बोलायला खराच घड्याळजी लागतो. मी गल्लीत सांगितलं की टिटवीचा हात आमच्या बारकीचा आहे. कोणाचा विश्वास बसला नाही. म्हणाले, मास्तर, तुम्हाला निवृत्ती मानवली नाही.

भोपळ्या दोन दिवस येऊन गेला. मला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही. जेवताना घड्याळाकडे बघतो. बदली कुठे झाली विचारलं तर "लांब, बाबा." काम काय विचारलं तर "उडायचं, बाबा." सव्वीस वर्षांचा घोडा झाला, पण खोटं बोलताना अजून कान लाल होतात. वहिनी म्हणते मुलगी असेल. मला तसं वाटत नाही, मुलगी असती तर केस विंचरून आला असता. याच्या तर केसांत कसलीशी पांढरी भुकटी होती. इथे काहीतरी पाणी मुरतंय. आधी खात्री करून घेतो, मग लिहितो.

दादा


घरून, २२ मार्च

बारके,

उत्तर नाही तुझं. म्हणून मीच पुन्हा लिहितो, आणि तुझ्या फाटकावरच्या गृहस्थांनी हवा तेवढा चहा सांडावा.

मी वही ठेवली आहे. तिच्यातलं जसंच्या तसं सांगतो. ११ तारखेच्या सकाळपर्यंत सगळ्या हाका एका साच्यातल्या होत्या. तिसरं टिंब उशिरा, पण दर वेळी तेवढंच उशिरा. ११ च्या संध्याकाळी काही नाही. १२ ला काही नाही. वर्तमानपत्रात आलं की दाट ढगांमुळे हाक पोचली नाही. ढगांनी रेडिओ अडतो हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

१३ ला टिटवी परत बोलायला लागली. पण ही ती नव्हे. सकाळच्या फेरीत रेघ लांब, संध्याकाळच्या फेरीत आखूड. १६ ला एक टिंब जास्त पडलं आणि मग क्षणभर काहीच नाही, चूक झाली की तू जीभ चावतेस तेवढा वेळ. १९ ला सकाळी तुला सर्दी झाली होती. हसू नकोस. दर सात-आठ हाकांनी तू नाक ओढत होतीस, ते मला ऐकू आलं नाही, पण त्याची जागा ऐकू आली.

तबकडी दमत नाही. तबकडीला सर्दी होत नाही.

शेजारच्या देशाचा रेडिओ म्हणतो की ११ तारखेपासून टिटवी मुकी आहे. त्यांचं मी मनावर घेत नाही, ते तर पहिल्या दिवशीही म्हणत होते की असं काही वर गेलेलंच नाही. माझा भरवसा माझ्या कानांवर. तू मला एकदा खरं सांगितलंस. आता दुसऱ्यांदा सांग.

दादा


वसाहत, २५ मार्च

आदरणीय बंधूंस,

आपलं पत्र मिळालं. उपग्रह उत्तम स्थितीत असून ठरल्याप्रमाणे कार्य करत आहे. हाकांमधला किरकोळ फरक हवामानामुळे आणि आपल्या घरच्या यंत्राच्या जुनेपणामुळे जाणवत असावा. वयोमानाने कानही पूर्वीसारखे राहत नाहीत, तरी एकदा डॉक्टरांना दाखवावे. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त दाढ दुखते. वहिनींना नमस्कार.

आपली बहीण


दातवालीच्या दवाखान्यातून, २७ मार्च

दादा,

परवाचं पत्र वाचणाऱ्या गृहस्थांसाठी होतं. हे तुझ्यासाठी. तुला 'आपण' लिहिताना माझं मलाच कसंतरी झालं, आणि तुझे कान म्हातारे झाले असं लिहिताना तर रडू आलं.

दर गुरुवारी मला दाढेसाठी गावात सोडतात. दातवाली माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्या खुर्चीत बसून हे लिहितेय. यापुढे तिच्याच पत्त्यावर लिही. पाकिटावर माझं नाव घालू नकोस.

तुझी वही खरी आहे. टिटवी मेली, दादा. नवव्या दिवशी.

तुला तिचं एक गुपित सांगते, ते बाहेर कोणाला ठाऊक नाही. तिच्या पोटात जितके अंश उष्णता, मिनिटाला तितक्या हाका, अशी तबकडीची चाल जुळवलेली होती. आम्ही हाका मोजायचो आणि आत किती तापलंय ते कळायचं. आठ दिवस अठ्ठावीस, एकोणतीस, पुन्हा अठ्ठावीस. ११ ला दुपारी दूरच्या बेटावरच्या आमच्या ठाण्याने मोजल्या, एक्केचाळीस. पुढच्या फेरीत सत्तेचाळीस. त्याच्या पुढच्या फेरीत अठ्ठावन्न, आणि मग हाक अर्धवटच थांबली. उन्हाच्या बाजूला तिची कातडी तापत गेली आणि आतून भाजली बिचारी. हे आम्हा पाच जणांना माहीत आहे. बाकी हजार माणसं समजतात ती ठणठणीत आहे.

मोठे साहेब म्हणाले, कारण सापडेपर्यंत चार दिवस सांभाळा. दुसरी तबकडी आणावी तर ती काचेच्या पेटीत, रोज शाळेच्या शाळा बघायला येतात. काढली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं. तिसरी कापायची तर घड्याळजीला सांगावं लागलं असतं. मग म्हणाले, "हात तर इथेच आहे आपल्याकडे."

तळघरात एक खोली आहे. भिंतींना जाड लोकर ठोकलेली, एक टेबल, एक कळ, छताला एक पंखा, तोही आवाज नको म्हणून बंद. मी कळ दाबते. शेजारी सूरवाला बसतो. टिटवी लांब जाताना तिचा सूर उतरत जायचा, तो उतार हा माणूस एक खुंटी हळूहळू पिळून आणतो. गावोगावच्या टेकड्यांवरच्या यंत्रांतून ते तुमच्यापर्यंत येतं. रोज सकाळी साहेबांची चिठ्ठी येते, "आज मिनिटाला अठ्ठावीस." मी घड्याळ लावून अठ्ठावीस हाका मारते.

चार दिवसांचे पंधरा झाले. लोक खूश आहेत. दुसऱ्या यानाचं काम जोरात चालू आहे, त्यातून माणूस जाणार म्हणतात. त्यात ही चूक सुधारली आहे असं साहेबांनी मला स्वतः सांगितलं. मग मी स्वतःची समजूत घातली की यात कोणाचं काय बिघडतंय?

रागावू नकोस.

बारकी


घरून, ३१ मार्च

बारके,

कोणाचं काय बिघडतंय ते सांगतो. नीट बसून वाच.

भोपळ्याच्या केसांतली पांढरी भुकटी मी तुला लिहिली होती. ते प्लास्टर होतं. त्याच्या डोक्याचा साचा घेतलाय. तो काल पुन्हा आला होता, एका दिवसासाठी, आणि मी त्याला माडीवर नेऊन दार लावून विचारलं. आधी कान लाल झाले. मग मला शपथ घालून सगळं बोलला. ती शपथ मी आता मोडतोय, आणि बापाने मुलाची शपथ मोडावी अशी वेळ माझ्यावर तू आणली आहेस.

दुसऱ्या यानातून जाणारा माणूस तो आहे. २० एप्रिलला. त्याच्या डोक्याच्या मापाचं शिरस्त्राण केलंय, त्याच्या पाठीच्या मापाचं आसन केलंय. पोरगा इतका आनंदात आहे की माझ्याच्याने बघवेना. मी विचारलं, आत उकडलं तर रे? तर हसला. म्हणाला, "उकडायचं काय त्यात, बाबा? आम्हाला रोज चार तास तशा खोलीत बसवतात. अठ्ठावीस अंश. वर तेवढंच असतं. टिटवीने सांगितलंय ना."

टिटवीने सांगितलंय. बारके, त्याला ते तू सांगितलंयस.

सुधारली असेल चूक. मी म्हणतो, ज्यांनी यान बांधलं त्यांना जर चूक झाल्याचंच माहीत नाही, तर ती सुधारली कोणी? जा आणि विचार तुझ्या साहेबाला.

वहिनीला मी अजून सांगितलेलं नाही. ती त्याच्यासाठी मोजे विणतेय.

दादा


दातवालीच्या दवाखान्यातून, ३ एप्रिल

दादा,

तुझ्या पत्राचं पहिलं पान दातवालीने मंगळवारीच भाजीवालीच्या टोपलीत लपवून वसाहतीत पाठवलं होतं, बाकीची पानं आज हातात दिली. भोपळ्याचं नाव पहिल्या पानावरच होतं.

मला माहीत नव्हतं. आमच्याकडे त्याला सगळे 'प्रवासी' म्हणतात. प्रवाशाचं वजन, प्रवाशाचं पाणी, प्रवाशाचा श्वास. त्याला नाव असेल, आत्या असेल, असं माझ्या मनातच आलं नाही. तो दुसऱ्या कोणाचा भाचा असता तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर मला आवडलं नाही.

दातवालीला मी वसाहतीत एक तार धाडायला लावली, दाढ सुजली आहे, दोन तास उशीर होईल, म्हणजे हे पत्र पुरं करता येईल. कारण मी तुला काल घडलेलं सगळं सांगणार आहे.

काल मी मोठ्या साहेबांकडे गेले. ते खिडकीतल्या कुंडीतली सुकलेली पानं खुडत होते. मी सरळच विचारलं, यान बांधणाऱ्यांना अठ्ठावन्नचा आकडा माहीत आहे का? त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, "त्यांना कळलं तर ते सहा महिने मागतील. सहा महिन्यांत शेजारचा माणूस वर जाईल. पंखा मोठा बसवायला सांगितलाय मी, कारण न सांगता." मी म्हटलं, पंखा पुरेल का? ते म्हणाले, "पुरायला हवा."

'पुरेल' असं म्हणाले नाहीत, दादा. 'पुरायला हवा' म्हणाले.

मग मी सांगितलं की तो माझा भाचा आहे. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, ते काही राक्षस नाहीत. म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. राखीव म्हणून दुसरा एक पोरगा तयार आहे. तू म्हणशील तर उद्या तुझ्या भाच्याला किरकोळ दुखणं काढून मागे ठेवतो. तू फक्त कळीवर बस."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. उद्यापर्यंत वेळ मागितला. तू सांग मी काय करू. लहान होते तेव्हा सगळं तुलाच विचारून करायचे.

बारकी


घरून, ७ एप्रिल

बारके,

तुझं पत्र वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू? दुसरा कोणी जाईल, माझा राहील, यापलीकडे माझं डोकं पाच मिनिटं चाललं नाही. मग वहिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती देवाचे आभार मानेल. तिने सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, "म्हणजे त्या दुसऱ्याच्या आईने रेडिओसमोर बसायचं, आणि मी मोजे विणायचे?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जणू मीच तुझा साहेब आहे.

काय करू विचारतेस. मी भोपळ्याला पत्र टाकलं, ते न उघडता परत आलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादकाने पाणी दिलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे आवाज दिवसभर ऐकू येतात का?"

राहता राहिलीस तू. आणि मनातलं लिहितो, राग आला तर येऊ दे. मला वाटतं तू साहेबाला 'हो' म्हणून मोकळी झाली असशील. उत्तर 'उद्या' द्यायचं होतं, आणि आज चार दिवस झाले. टिटवी बोलतेच आहे, रोज सकाळ-संध्याकाळ, अठ्ठावीस. तुला त्या खोलीची सवय झाली आहे. भाचा वाचला की तुझं मन भरेल, आणि तू कळीवर बसून राहशील. मला तुझा भरवसा उरलेला नाही, बारके.

दादा


दातवालीच्या दवाखान्यातून, १० एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचलं. लागलं. पण तू म्हणतोस ते निम्मं खरं होतं. मी साहेबांना 'हो' म्हटलं.

म्हटलं नसतं तर मला त्यांनी कळीवरून उठवलं असतं, आणि मला नेमकी कळच हवी होती.

उद्या चाळिसावा दिवस. गावोगावच्या चौकांत कर्णे लावणार आहेत, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्या देशाने एकदम टिटवी ऐकायची. यानाच्या कारखान्यातही आवारात कर्णा असेल, सगळे कारागीर आणि अभियंते तिथे जमणार. हाका मोजणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. चहा पितानाही त्यांचा अंगठा मोजत असतो.

चिठ्ठीवर अठ्ठावीस असेल. मी तिथून सुरुवात करीन. मग टिटवीने नवव्या दिवशी जे सांगितलं होतं, आणि जे आम्ही कोणाला ऐकू दिलं नाही, ते तिच्याच चालीने सांगेन, शेवटपर्यंत.

सूरवाल्याला न सांगता हे करता आलं नसतं. मला वाटलं तो घाबरेल. त्याने बराच वेळ खुंटी पुसली आणि म्हणाला, "मी आतून कडी घालतो. दार जाड आहे, पाच मिनिटं टिकेल."

हे पत्र दातवाली संध्याकाळच्या टपालात टाकेल. उद्या संध्याकाळच्या आत तुला मिळणार नाही, आणि तेच बरं. मिळालं असतं तर तू मला अडवायचं की नाही यावर रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्यास. भोपळ्याला म्हणावं, आत्याने त्याला खोटं सांगितलं, त्याची माफी मागते. दुसऱ्या पोराचं नाव मला कळलं नाही.

बारकी


घरून, १८ एप्रिल

बारके,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू ते कळत नाही. वसाहतीला टाकलेलं पाकीट 'या पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. दातवालीने तारेने कळवलंय की काल गुरुवार असून तू आली नाहीस, आणि फाटकावर तिने तुझं नाव घेतल्यावर, असं कोणी इथे नव्हतंच, असं तिला सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र टाकत नाही, बरोबर घेऊनच येतो.

त्या संध्याकाळी मी चौकात होतो. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, त्यामुळे मला कशाचीही कल्पना नव्हती. बँडवाले होते, लहान मुलं खांद्यांवर होती. मी फक्त सवयीने घड्याळ काढलं. पहिलं मिनिट, अठ्ठावीस. दुसऱ्या मिनिटाला एक्केचाळीस. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? हिला घरी जायची घाई झाली आहे. मी तुझ्याबद्दल इतकंच समजू शकलो. मग सत्तेचाळीस आले आणि मला तुझं २७ तारखेचं पत्र आठवलं. अठ्ठावन्नला मी शेजारच्या माणसाचा हात धरला. तू इतक्या वेगातही एक हाक चुकवली नाहीस, आणि शेवटची अर्ध्यावर सोडून दिलीस.

लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. बँड सुरू झाला. मी तिथेच फुटपाथवर बसलो.

भोपळ्या काल घरी आला, महिनाभराच्या रजेवर. त्याच्याकडून पुढचं ऐकलं. कारखान्याच्या आवारात एक्केचाळीसला लोकांचे कप हवेतच थांबले. यानाच्या आसनाचं काम बघणारी एक जाड भिंगांची बाई आहे, ती अठ्ठावन्नपर्यंत मोठ्याने मोजत राहिली. कोणीतरी वरून ओरडला, कर्णा बंद करा. कोणी जागचं हललं नाही. आवाज थांबल्यावर ती बाई वळली आणि भोपळ्याला म्हणाली, "तू यात बसणार नाहीस. कोणीच बसणार नाही." दुसऱ्या दिवशी सगळ्या अभियंत्यांनी मिळून सही करून सहा महिने मागितले. वर्तमानपत्रात आलंय की टिटवीने आपलं कार्य यशस्वीरीत्या पूर्ण केलं.

राखीव पोरगाही भोपळ्याबरोबर आमच्याकडे आला आहे. उंच आहे, लाजाळू आहे, वहिनीने केलेलं सगळं दोनदा वाढून घेतो. त्याचं नाव तुला कळलं नव्हतं. ते मी तुला समोरासमोर सांगेन.

मी तुला लिहिलं की मला तुझा भरवसा उरलेला नाही. ते वाक्य तू त्या खोलीत जाताना तुझ्या मनात असणार. मला ते परत घेता येत नाही. आयुष्यभर मी दूधवाल्यापासून मुलापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, आणि जिथे घ्यायचा नव्हता तिथे सगळ्यात जास्त घेतला. चुकलो, बारके.

उद्या पहिल्या गाडीने मी, वहिनी आणि ही दोन पोरं निघतोय. फाटकावर बसणार. उठा म्हणाले तर उठणार नाही. असं कोणी नव्हतंच म्हणाले तर सांगणार, तिचा हात सगळ्या देशाने चाळीस दिवस ऐकलाय, मी तिचा भाऊ आहे, आणि तिला घेतल्याशिवाय जाणार नाही.

वहिनी डबा भरतेय. मघापासून विचारतेय की तुला तिथे अंथरूण-पांघरूण देत असतील का, त्या दुखऱ्या बोटाला काही केलं तर नसेल ना. एरवी अशा वेळी माझ्याकडे सतरा शंका तयार असतात. आज मी एकही मनात येऊ देत नाहीये. मला भीती वाटते.

दादा